ओरायनचा मधला भाग: बेसच्या सरावाची नोंद, आठवडा १९

मंडळी, गेल्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या 'ओरायन' या गाण्याच्या मधल्या भागाला बेस गिटारवर हात घातला. सोळा दिवस, रोज पाऊण तास. काल रात्री तो तुकडा पहिल्यांदा न अडखळता सलग आठ वेळा वाजला. लय अजून मूळच्या पाऊणपटच आहे, पण वाजला. उठून खिडकीपाशी गेलो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मेटालिकाच्या पहिल्या तीन अल्बममधले त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टनचे भाग मी क्रमाने शिकतोय. १९८३चा 'किल एम ऑल', १९८४चा 'राइड द लाइटनिंग', १९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स'. आवडती गाणी आधी उचलायचा मोह मुद्दाम टाळला. एक बेसवाला आल्यावर अख्ख्या बँडचा गळा कसा बदलला, हे मला कानाने माहीत होतं, बोटांनी कळून घ्यायचं होतं.

'किल एम ऑल'मधली बरीच गाणी क्लिफ येण्याआधीच तयार होती, आणि ते वाजवताना जाणवतं. बेस गिटारीच्या खांद्याला खांदा लावून पळतो. अपवाद एकच, 'अ‍ॅनेस्थेशिया'. सव्वाचार मिनिटांचा बेस सोलो, पहिला अर्धा तर ड्रमशिवाय. एका वेळी एक सूर असे सुटे केलेले कॉर्ड (एरवी एकत्र वाजणारे सूर), त्यांच्यावर डिस्टॉर्शन (आवाज करकरीत करणारा पेडल) आणि वाह (आवाज उघडझाप करणारा पेडल). त्या अल्बमच्या दहा गाण्यांत गीतकार-संगीतकार म्हणून क्लिफचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये आठांपैकी सहा गाण्यांवर आहे. या एका आकड्यात मला सगळी गोष्ट दिसते.

त्याला बँडमध्ये आणायला काय करावं लागलं हेही आठवावं असं आहे. १९८२मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो या क्लबमध्ये तो ट्रॉमा या बँडबरोबर वाजवत होता. मेटालिकाचा गायक-गिटारवाला हेटफिल्ड आणि ड्रमवाला उलरिक यांना एक जबरदस्त सोलो ऐकू आला, आणि गिटारवाला कुठे दिसेना. तो बेस होता. क्लिफने अट घातली की मी तुमच्या गावाला येणार नाही, तुम्हीच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात या. बँडने बिऱ्हाड हलवलं! ५ मार्च १९८३ला तिथल्या द स्टोन या क्लबमध्ये त्यांचा एकत्र पहिला कार्यक्रम झाला. बेसवाल्यासाठी गाव सोडणारा बँड मला दुसरा माहीत नाही.

मी सुरुवातीला एका क्लासला जायचो. तिथे सांगितलं गेलं की बेसने कॉर्डचा मूळ सूर धरायचा आणि ड्रमच्या मागे राहायचं, बाकी गिटारवाले बघतील. दोन वर्षं तेच केलं. 'फॉर हूम द बेल टोल्स' शिकताना ती दोन वर्षं मनातून पुसावी लागली.

त्या गाण्याच्या सुरुवातीला घंटेनंतर जी वरची, करकरीत, अर्ध्या अर्ध्या सुराने सरकणारी ओळ येते ती बेसची आहे. मी स्वतः कित्येक वर्षं ती गिटार समजत होतो. वाजवायला घेतल्यावर लक्षात आलं की जागांची अदलाबदल झालीय. गिटारी खाली जमीन धरून आहेत आणि बेस वर गातोय. ही ओळ क्लिफने मेटालिकात येण्याआधीच बांधली होती. हार्मोनियमवर काळी-पांढरी पट्टी न सोडता सरकत गेलं की जो कातर आवाज निघतो, तशी तिची चाल आहे. टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत सांगणारी लिपी) वाचण्याआधी मी ती घरच्या पेटीवरच शोधली, आणि टॅबपेक्षा लवकर पाठ झाली.

तिथे दोन गोष्टींनी वेळ खाल्ला, तुमचा वाचावा म्हणून लिहितो. एक, ट्यूनरवर सुरात लावलेला बेस रेकॉर्डिंगबरोबर जुळतच नव्हता. चार दिवस मी तारांना दोष दिला, नव्या तारा चढवल्या. मुळात तो अल्बमच नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित चढा आहे. आता ट्यूनर बंद ठेवतो आणि गाणं लावून कानाने जुळवतो. दुसरी गोष्ट पेडलच्या क्रमाची. वाह शेवटी ठेवला होता, तेव्हा सगळा आवाज एकदम झाकला-उघडल्यासारखा व्हायचा. वाह आधी आणि डिस्टॉर्शन नंतर केलं, तेव्हा तार बोलायला लागली. मॉर्ली कंपनीचा, वाह आणि फझ (एक प्रकारचं डिस्टॉर्शन) एकत्र असलेला पेडल क्लिफ वापरायचा, शिवाय बिग मफ हा डिस्टॉर्शनचा पेडल. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. साध्या पेडलवरही क्रम बरोबर असेल तर नव्वद टक्के काम होतं, असा माझा अनुभव.

आता ओरायन. साडेआठ मिनिटांच्या आसपासचं, शब्द नसलेलं गाणं. साधारण चार मिनिटांवर सगळं शांत होतं आणि एकटा बेस उरतो. लय तिनाच्या झोक्यावर जाते. दादरा ऐकलेल्या कानाला ती लगेच सापडते, पण हाताला नाही. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालतात आणि लय तिनाची, त्यामुळे प्रत्येक झोक्याचा पहिला आघात एकदा तर्जनीवर, एकदा मधल्या बोटावर पडतो. माझं मधलं बोट बोथट, त्यामुळे एक झोका भरीव आणि दुसरा पोकळ यायचा. क्लिफ पिक (तार छेडायची चपटी पट्टी) वापरत नसे, बोटांनीच वाजवायचा, म्हणून पिक घेऊन पळवाट काढायची नाही असं ठरवलं. आठ दिवस बाकी काही न करता एका मोकळ्या तारेवर तीन-तीनचे आघात मोजले. डाव्या हाताला हातही लावला नाही. नवव्या दिवशी ओळ घेतली तेव्हा ती चालायला लागली होती.

मग खरी गंमत कळली. ती ओळ फिरत राहते, गिटारी हळूहळू वर चढतात, मग दोन गिटारी एकमेकींशी सुसंवाद साधत गातात, आणि त्या सगळ्याचा अर्थ खालच्या बेसवर ठरतो. मी एक सूर चुकवला की वरची गोड ओळ लगेच परकी वाटते. क्लिफ लहानपणी पियानो शिकला होता, बाख मनापासून ऐकायचा, संगीतशास्त्राचा अभ्यास केलेला होता. सुरावर सूर कसा बसवायचा हे आपण त्याच्याकडून शिकलो, असं हेटफिल्डने सांगितलंय. तो वेगात वाजवायचा म्हणून मोठा, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पळणाऱ्या बँडला त्याने थांबायला आणि एकमेकांचं ऐकायला शिकवलं, आणि ओरायनच्या या भागात ते बोटांखाली लागतं.

२७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीला हेच गाणं लावलं होतं. हे माहीत असल्यामुळे मी हा तुकडा मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) बंद करून कधी वाजवू शकेन याची वाट बघतोय. अजून तेवढा हात बसलेला नाही.

पुढच्या पंधरवड्यात मूळ गतीकडे जायचं, दर दोन दिवसांनी मिनिटाला चार ठोके वाढवत. शेवटाकडचा बेस सोलो सध्या बाजूला. त्याऐवजी 'डॅमेज इंक'ची सुरुवात घेतोय, जिथे आवाज शून्यातून फुगत वर येतो. तार आधी छेडायची आणि करंगळीने व्हॉल्यूमचा खटका मग फिरवायचा. माझ्या बेसवर तो खटका करंगळीपासून दोन बोटं लांब आहे. कुणी यावर काही जुळणी केली असेल तर सांगा, नाहीतर व्हॉल्यूम पेडल मागून आणतो.