बॉस्टनची लाल पट्टी आणि पुढाऱ्यांच्या उनाडक्या

बॉस्टनच्या फूटपाथवर लाल विटांची एक पट्टी आखलेली आहे, फ्रीडम ट्रेल. बॉस्टन कॉमन बागेतून निघून नदीपलीकडच्या बंकर हिलपर्यंत सुमारे चार किलोमीटर, वाटेत १६ ठिकाणं. चहाची दंगल, गोळीबार, जाहीरनामा असा अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा सगळा इतिहास तिच्यावर ओळीनं भेटतो. आम्हाला मात्र त्या लढ्यातल्या थोर मंडळींचं पोरवय बघायचं होतं. त्यासाठी पट्टी अधूनमधून सोडावी लागते, आणि एक दिवस शहराबाहेरही जावं लागतं.

सुरुवात ग्रॅनरी दफनभूमीपासून करा. प्रवेश फुकट आहे, पण फाटक लवकर बंद होतं, तेव्हा संध्याकाळवर ठेवू नका. मधोमध ‘फ्रँकलिन’ लिहिलेला उंच दगडी स्तंभ दिसेल. लढ्यातला पुढारी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याची कबर समजून लोक तिथे धडाधड फोटो काढतात. ती त्याच्या आईवडिलांची. बेंजामिन स्वतः फिलाडेल्फियात पुरलेला आहे. इथेच सॅम्युअल ॲडम्स आहे, माझा लाडका. वडिलांनी धंद्यासाठी दिलेल्या हजार पौंडांतले निम्मे यानं मित्राला उसने दिले, ते बुडाले. मग गावानं त्याला चक्क कर वसूल करायला नेमलं. हा तगादाच लावायचा नाही, म्हणून लोक खूश, आणि थकबाकी ८,००० पौंडांवर गेली. इंग्रजांच्या करांविरुद्ध रान उठवणारा माणूस तो हाच!

तिथून पाच मिनिटांवर स्कूल स्ट्रीट. १६३५ साली सुरू झालेली बॉस्टन लॅटिन स्कूल पूर्वी इथे होती. फूटपाथवर तिची रंगीत नक्षी आहे, घाईत पायाखालून निघून जाते. शेजारच्या जुन्या सिटी हॉलच्या अंगणात फ्रँकलिनचा पुतळा आहे. जाहीरनाम्यावर पहिली सही करणारा जॉन हॅनकॉक आणि सॅम ॲडम्सही याच शाळेचे, पण मान मिळाला तो वर्षभरात शाळा सुटलेल्या पोराला. वडिलांना खर्च झेपेना म्हणून त्यांनी त्याला साध्या लेखन-गणिताच्या शाळेत घातलं. तिथे गणितात नापास. दहाव्या वर्षी स्वारी वडिलांच्या साबण-मेणबत्त्यांच्या दुकानात.

त्याचं जन्मस्थान मिल्क स्ट्रीटवर, ओल्ड साउथ मीटिंग हाउसच्या समोरच. मूळ घर केव्हाच जळून गेलं. आताच्या इमारतीवर त्याचा अर्धपुतळा आहे, पण मान वर केल्याशिवाय दिसत नाही. पाटी वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा, कारण खरी धमाल या पोराच्याच नावावर आहे. तळ्यात पाठीवर उताणा पडून हातातल्या पतंगाच्या ओढीनं तो पलीकडे जायचा. (ते तळं बुजवलं, नॉर्थ स्टेशनजवळच्या रस्त्यांखाली गेलं.) बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी. भाऊ आपल्या वर्तमानपत्रात लिहू देईना, म्हणून १७२२ मध्ये, सोळा वर्षांच्या वयात, त्यानं ‘सायलेन्स डूगुड’ नावाची प्रौढ विधवा निर्माण केली आणि तिची पत्रं रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावाच्या मित्रमंडळानं वाखाणलेली ही पत्रं एकूण १४ छापली गेली. बिंग फुटल्यावर भाऊ फुगला. पुढच्या वर्षी बेंजामिन पळाला. गुपचूप जहाजात शिरता यावं म्हणून मित्रानं कप्तानाला थाप मारली, की याच्यामुळे एक मुलगी अडचणीत आलीय आणि तिच्या घरचे याला लग्न करायला भाग पाडतायत.

तेव्हा तो शाकाहारी होता, वाचलेल्या पैशांतून पुस्तकं घ्यायचा. वाटेत जहाजावर ताजा कॉड मासा तळायला लागले. वास सुटला. मोठ्या माशाच्या पोटातून छोटे मासे निघालेले त्यानं पाहिले होते. तुम्ही एकमेकांना खाता, मग मी तुम्हाला का खाऊ नये, असं म्हणून पठ्ठ्या जेवायला बसला. श्रावण मोडणाऱ्यांनी हे कारण टिपून ठेवावं.

न मोडणाऱ्यांसाठी सूचना: क्विन्झी मार्केटमधलं क्लॅम चाउडर दुधा-बटाट्याचं सूप वाटतं, पण त्यात शिंपले असतात, बऱ्याचदा डुकराचं मांसही. स्वच्छतागृह मात्र तिथलं जरूर वापरा, पुढे पटकन सापडत नाही.

ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये पॉल रिव्हिअरनं पोरवयात मित्रांसोबत रीतसर करारनामा करून घंटा वाजवायचं काम घेतलं होतं. १७७५ मध्ये इंग्रज फौज निघाल्याच्या इशाऱ्याचे कंदील टांगले गेले ते याच चर्चच्या मनोऱ्यात. बंकर हिलच्या स्मारकस्तंभाला २९४ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. सोबत आईबाबा असतील तर सरळ गाळा.

वाचलेली ताकद क्विन्झी गावासाठी ठेवा. बाजार बॉस्टनमध्ये, गाव दक्षिणेला. गुगल मॅपवर गल्लत होते. मेट्रोच्या रेड लाइनची ब्रेनट्रीकडे जाणारी गाडी घ्या, ॲशमाँटची नको, आणि क्विन्झी सेंटरला उतरा. इथे जॉन ॲडम्स आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्झी, अमेरिकेच्या या दोन्ही राष्ट्राध्यक्षांची जन्मघरं जेमतेम ७५ फुटांवर आहेत. जॉनला शाळेचा तिटकारा. शेतकरीच होणार म्हणाला, तेव्हा वडिलांनी त्याला दिवसभर चिखलात छपराचं गवत कापायला जुंपलं. रात्री विचारलं, काय, भागली का हौस? पोरगं म्हणालं, मला आवडलं. बाप म्हणाला, मला नाही आवडलं, उद्या शाळेत जा. खरा वैताग मास्तरांचा होता. मास्तर बदलल्यावर गडी १७५१ मध्ये हार्वर्डला पोचला.

घरं आतून बघायची तर मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं आणि थंडीत ती बंद असतात. ॲडम्स राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा पाहूनच निघा, आणि स्टेशनसमोरच्या माहिती केंद्रात आधी नाव नोंदवा.