तुम्ही विचारलंत म्हणून: परकोट की तटबंदी?

नागपूरच्या महाल भागात गांधी गेटपाशी उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, ‘सर, गेट आहे, मग भिंत कुठाय?’ आणि पाठोपाठ, ‘तिला तटबंदी म्हणायचं की परकोट?’

भिंत गेली. गोंड राजा चांदसुलतानानं शहराभोवती घातली होती, तिचा हा जुना जुम्मा दरवाजा. दुसरा प्रश्न मी आजवर टोलवत आलोय.

मी मराठी शिकवायचो. नववीत चंद्रपूरहून आलेल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात परकोटावर पिंपळ उगवतात.’ मी लाल पेनानं ‘परकोट’ खोडला, वर ‘तटबंदी’ लिहिलं आणि समासात शेरा मारला: ‘हिंदी शब्द टाळा.’ वर वर्गात वाचूनही दाखवलं. ते कशाला, देव जाणे. ती उठून म्हणाली, ‘पण सर, आमच्या घरामागे परकोटच आहे न!’ वर्ग हसला. मीही हसलो. पुढं ‘माझे गाव’ हा विषय दिला, तेव्हा तिनं नागपूरवर लिहिलं.

काही वर्षांनी चंद्रपूरला लग्नाला गेलो. ऑटोवाल्यानं विचारलं, ‘परकोटाच्या आत जायचं का बाहेर?’ परकोटाचं जटपुरा गेट येईपर्यंत मी गप्प होतो.

मग कोश काढले. तट संस्कृत, मूळ अर्थ काठ, उतार. नदीचा तट तोच. पण त्याच्या शेपटीची ‘बंदी’ फारसी! म्हणजे मी ज्याला अस्सल मराठी म्हणून मिरवत होतो, तो अर्धा फारसी. परकोटातला ‘पर’ म्हणजे परि, भोवती. कोट म्हणजे संस्कृतातला कोट्ट, आणि तोही बहुधा दक्षिणेकडून आलेला: कन्नडात कोटे, तमिळमध्ये कोट्टै. आपला कोतवालही मुळात कोट्टपाल. इथं महालात कोट पडला, कोतवाली टिकली.

माझीही बाजू ऐका. पाठ्यपुस्तकात तटबंदीच होतं, पेपर तपासणारेही तेच धरायचे. शिवाय दोन्ही शब्द एकच, हे मला अजून पटत नाही. तटबंदी म्हटलं की बुरूज, चर्या (भिंतीवरचे कंगोरे), जंग्या (बंदुकीसाठीची भोकं) दिसतात. परकोट म्हटलं की आतलं गाव दिसतं. अर्थात हे तेव्हा सुचलं असतं तर शेरा वेगळा लिहिला असता का? बहुतेक नाही. तिच्या वाक्यात तर पिंपळही होता, तो मला दिसलाच नाही.

परवा गेटपाशी एका पोरानं पुन्हा विचारलं. तोंडून तटबंदीच निघालं.