डिचिंगहॅमची काळी फरशी

बँकेत नवा नवा लागलो तेव्हा शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ गाठायचा, असा नेम होता. दोन-तीन रुपयांत जुनी इंग्रजी पेपरबॅक मिळायची. पुस्तक कोणी छापलं, कुठे छापलं, हे आधी बघायची मला खोड. त्यातल्या कितीतरी पुस्तकांत मुंगीएवढ्या अक्षरांत एकाच गावाचं नाव असायचं : रिचर्ड क्ले, बंगे, सफक. मी ते कित्येक वर्षं 'बंगाय' असं वाचत होतो.

लेक इंग्लंडात नॉर्विचला नोकरीला लागली आणि यंदा आम्ही तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो. नॉर्विच लिहायचं पण 'नॉरिच' म्हणायचं, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं. नकाशा उघडून बसलो, तर दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर बंगे. मधे वेव्हनी नावाची नदी, आणि तिच्या अलीकडच्या काठाला डिचिंगहॅम. ते नाव बघून मी चहाचा कप खाली ठेवला. डिचिंगहॅम म्हणजे रायडर हॅगार्डचं गाव! 'किंग सॉलोमन्स माइन्स' आणि 'शी' लिहिणारा तो हॅगार्ड. दहावीच्या सुट्टीत सांगलीत मळ्यातल्या खोलीत कंदिलाच्या उजेडात ज्याच्यापायी आईच्या शिव्या खाल्ल्या, तो.

"बाबा, तिथे बघायला काही नाही हं," लेक म्हणाली. "एक चर्च आहे आणि शेतं आहेत."

मी म्हटलं, चालेल.

बस गावं गोळा करत जाते. दोन्ही बाजूंना गव्हाची आणि बीटाची शेतं, मधेच डुकरांचे पत्र्याचे अर्धगोल खोपटे. डोंगर नावाला नाही. आफ्रिकेतल्या बर्फाच्छादित शिखरांखाली हिऱ्यांची गुहा कल्पणारा माणूस असल्या सपाट मुलखातला, याची गंमत वाटत राहिली.

हॅगार्ड १८५६ साली याच नॉरफक परगण्यात ब्रॅडनहॅमला जन्मला. दहा भावंडांतला आठवा. वडील जमीनदार आणि तापट. पोरगं मठ्ठ आहे, भाजीवाला होण्यापलीकडे याची लायकी नाही, असं त्यांचं मत होतं म्हणे. एकोणिसाव्या वर्षी त्याला नाताल या दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नरच्या पदरी बांधून धाडलं. १८७७ साली इंग्रजांनी बोअर लोकांचं, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांचं, शेजारचं ट्रान्सवाल राज्य गिळलं, तेव्हा प्रिटोरियात युनियन जॅक चढवणाऱ्यांत हा विशीतला पोरगा होता. पुढे लग्न करून बायकोला घेऊन तो परत नातालला गेला आणि न्यूकॅसलजवळ हिलड्रॉप नावाच्या शेतावर त्याने शहामृग पाळले. धंदा बसला. तेवढ्यात बोअर लोकांनी उठाव करून इंग्रजांना हरवलं आणि ट्रान्सवाल परत द्यायची वेळ आली. त्या तहाच्या बोलण्यांसाठी आलेल्या सरकारी मंडळाने भाड्याने घेतलेलं घर कोणाचं, तर हॅगार्डचं. ज्याने झेंडा चढवला त्याच्याच छपराखाली तो उतरवायचं ठरलं. आणि त्याच घरात, त्याच मे महिन्यात, १८८१ साली, त्याला मुलगा झाला. आर्थर जॉन, घरातलं नाव जॉक.

इंग्लंडला परतल्यावर वकिलीचा अभ्यास करता करता रेल्वेच्या डब्यात भावाशी पाच शिलिंगांची पैज लागली. स्टीव्हन्सनच्या गाजलेल्या 'ट्रेझर आयलंड'च्या निम्म्याने तरी चांगलं पुस्तक तू लिहून दाखव! वेस्ट केन्सिंग्टनच्या घरात संध्याकाळी लिहायच्या टेबलाशी उभं राहून, साधारण सहा आठवड्यांत त्याने 'किंग सॉलोमन्स माइन्स' लिहिलं. प्रकाशकाने दोन पर्याय ठेवले : रोख शंभर पौंड, नाहीतर दहा टक्के रॉयल्टी. हा रोख घेणार होता. कोपऱ्यात बसलेल्या कारकुनाने हळूच सांगितलं, रॉयल्टी घ्या. सप्टेंबर १८८५ मध्ये लंडनच्या भिंतीभिंतींवर जाहिराती लागल्या आणि वर्षभरात एकतीस हजार प्रती खपल्या. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे काढलेला माणूस म्हणून मला त्या कारकुनाचा भलता अभिमान वाटतो.

डिचिंगहॅमला उतरलो. हॅगार्ड जिथे राहायचा ते घर बायकोच्या माहेरची मिळकत. आता ते खाजगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच झाडांकडे बघितलं नि पुढे झालो. सेंट मेरीचं चर्च वस्तीपासून जरा लांब, शेतांत आहे. उंच चौकोनी मनोरा लांबूनच दिसतो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मी एकटा, आणि भिंतीशी ब्राँझचा एक पूर्णाकृती सैनिक आडवा पडलेला. पहिल्या महायुद्धातल्या गावच्या पोरांचं स्मारक. त्याच्या बुटांवरून क्षणभर वाटलं, खरंच कोणी निजलंय.

वेदीच्या पुढ्यात फरशीत काळा संगमरवर बसवलाय. त्याखाली हॅगार्डची रक्षा आहे. नाव, मग नाइटपदाच्या दोन पदव्या, मग एक ओळ. मराठीत सांगायचं तर : नम्र अंतःकरणाने ज्याने आपल्या देशाची सेवा करण्याचा प्रयत्न केला. संपलं. पुस्तकाचं नाव नाही. लेखक हा शब्दसुद्धा नाही. मी दोनदा वाचलं, चश्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

पण त्याला 'सर' कशाबद्दल केलं होतं ते आठवलं, मग कोडं सुटलं. १९१२ साली त्याला मिळालेला नाइटहुड कादंबऱ्यांचा नव्हता, शेतीच्या कामाचा होता. अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला, इथले भाव कोसळले आणि मजूर शहरांकडे पळाले. तेव्हा या गृहस्थाने १९०१-०२ मध्ये परगण्यांमागून परगणे पालथे घालून 'रूरल इंग्लंड' नावाचे दोन जाडजूड खंड लिहिले. कोणत्या शेतकऱ्याला किती मजूर कमी पडतात, एकराला काय खर्च येतो, असल्या नोंदी. पुढे डेन्मार्कला जाऊन तिथल्या सहकारी डेअऱ्या बघून आला आणि त्यावर १९११ साली पुस्तक काढलं : आपणही असं करा. इंग्रजांनी फारसं ऐकलं नाही. आम्ही सांगलीकर मात्र साखर कारखान्याच्या निवडणुका बघत मोठे झालेले. सहकार म्हटलं की आमचे कान टवकारतात. हॅगार्डला आमचं एखादं चेअरमनपद दिलं असतं तर त्याने अर्जविनंत्या सोडून थेट कादंबरीच लिहिली असती.

हे सगळं ठीक. त्याच्या कादंबऱ्यांतलं साम्राज्याचं वारं, हत्तींची कत्तल, काळ्या माणसांबद्दलचा वडीलकीचा सूर, हे आज वाचताना अडखळायला होतं आणि अडखळायलाच हवं. तिथल्या झुलू लोकांबद्दल त्याला खरा आदर होता हेही तितकंच खरं. पण झेंडा चढवणारा हात आणि आदराने लिहिणारा हात एकाच माणसाचे होते.

चर्चच्या आवारात बाकावर बसून डबा उघडला. लेकीने थालीपीठ दिलं होतं. पिशवीत फुटपाथवरची 'ॲलन क्वाटरमेन' होती, हॅगार्डची १८८७ सालची कादंबरी; 'किंग सॉलोमन्स माइन्स'मधलाच नायक. अर्पणपत्रिका मी आजवर कधी वाचलीच नव्हती. कोवळ्या वयात कोण वाचतं? ती जॉकला आहे. ही साहसकथा माझ्या मुलाला, त्याच्यासारख्या इतर मुलांनाही तिचा काही उपयोग होईल या आशेने, असा मजकूर. मग पान उलटलं. कादंबरी सुरू होते तीच म्हाताऱ्या क्वाटरमेनच्या रोजनिशीने : आज माझ्या पोराला मी मातीत ठेवून आलो. पोरगा डॉक्टर होऊ घातलेला, देवी येऊन गेला.

ते लिहिलं तेव्हा जॉक चार-पाच वर्षांचा, अंगणात खेळणारा. १८९१ मध्ये हॅगार्ड नवरा-बायको मेक्सिकोत असताना, मुलाला ओळखीच्यांकडे लंडनला ठेवलं होतं, तिथे तो गोवराने गेला. नऊ वर्षांचा. तार मेक्सिकोत पोचली. धाकटी मुलगी लिलियस हिने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं, त्यात आहे की नंतर घरात जॉकचं नाव कोणी काढायचं नाही. लिलियसचा तर जन्मच त्यानंतरचा. ज्याचं नाव घ्यायचं नाही अशा भावासोबत ती वाढली.

थालीपीठ अर्धं तसंच राहिलं. आवारात गवत कापायचं यंत्र फिरवणारा माणूस होता, त्याने लांबून मान हलवली. मीही हलवली.

नदीकडे चालत निघालो. वेव्हनी म्हणजे आपल्या कृष्णेसमोर ओढाच, पण पाणी संथ, काठाला बोरू दाटलेले. बॉब नावाच्या कुत्र्याची गोष्ट इथलीच. जुलै १९०४ मध्ये हॅगार्डला स्वप्न पडलं, की त्याचा बॉब पाण्याकाठच्या गवतात मरून पडतोय आणि काही सांगायला धडपडतोय. बायकोने हलवून जागं केलं. काही दिवसांनी बॉब खरंच वेव्हनीत सापडला, रेल्वेच्या पुलावर गाडीने उडवलेला. हॅगार्डने साक्षी गोळा केल्या आणि 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. लोकांनी थट्टा केली असणार. मला त्या बाकावरून उठल्यावर थट्टा सुचली नाही. ती रेल्वे प्रवाशांसाठी १९५३ मध्येच बंद झाली.

पूल ओलांडला की सफक परगणा. बंगेत बाजारचौकातल्या बटर क्रॉसपाशी चहा घेतला. दुकानातल्या बाईंना विचारलं, क्लेंचा छापखाना कुठे? "अजून चालू आहे की," म्हणत त्यांनी रस्ता दाखवला आणि मी उच्चारलेलं गावाचं नाव हसून दुरुस्त केलं : 'बंगी.' छापखान्याच्या फाटकाबाहेर पाच मिनिटं उभा राहिलो. आत जायची सोय नव्हती. एक ट्रक बाहेर पडला, त्यात पुस्तकं असावीत.

परतीच्या बसमध्ये लेकीचा फोन आला. "काय बघितलंत, बाबा?"

"चर्च आणि शेतं," मी म्हटलं. "जेवायला थांब, येतोच."