लेवीय 13 आणि 14 च्या मध्ये

परवा ताईने पपांचं बायबल पाठवलं. खाकी कागदाचं कव्हर, आत झावळ्यांच्या रविवारची वाळून कडक झालेली पट्टी, आणि प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक तारखा. एकाखाली एक. रोज सकाळी चहाच्या आधी एक अध्याय. एकूण 1189, म्हणजे एक फेरी सव्वातीन वर्षांची.

मी नुसतं चाळत होतो. बायबलचं तिसरं पुस्तक लेवीय, त्याच्या अध्याय 13 वर 9/6/98. पान उलटलं, तर 14 वर 2/11/98.

आधी वाटलं, मीच चुकीची ओळ बघतोय. पुन्हा बघितलं. जवळजवळ पाच महिने.

लेवीयात सगळेच अडकतात म्हणा. जानेवारीत हुरूपाने उत्पत्तीपासून सुरुवात करायची आणि कातडीवरच्या चट्ट्यांपाशी येऊन खुणेची फीत कायमची तिथेच. पण पपा? 'अध्याय राहिलाय ना, मग नाश्ताही राहू दे' म्हणणारे पपा? दहावीच्या गणिताच्या पेपरच्या सकाळीसुद्धा मी उपाशीपोटी बायबलमधलं शास्ते हे पुस्तक वाचलंय. खरं सांगायचं तर रागच आला. चाळीशी ओलांडल्यावर फसवलं गेल्यासारखं वाटणं जरा हास्यास्पदच, पण वाटलं.

98 चा पावसाळा. तो विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मीही काढत नाही.

आणि राग तरी कुठल्या तोंडाने? गेले तीन आठवडे माझं स्वतःचं शून्य आहे. त्याआधीही काय होतं, तर आठवडाभर काही नाही आणि रविवारी उपासनेला निघण्याआधी सात अध्याय घाईघाईने. रानात मान्ना, म्हणजे देवाने रोजच्या रोज दिलेलं अन्न, साठवून ठेवणाऱ्यांचं काय झालं ते मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी किडे पडले, वास सुटला. आता विचारणारंही कुणी नाही, नाश्ता वेळेवर मिळतो. त्याचंच वाईट वाटत बसलो काल रात्री बराच वेळ.

मग 14 वाचायला घेतला. घराच्या भिंतीला हिरवट-तांबूस चट्टे पडले तर याजकाने काय करायचं ते त्यात आहे. लगेच पाडायचं नाही. घर सात दिवस बंद ठेवायचं आणि सातव्या दिवशी पुन्हा येऊन बघायचं. पाच महिन्यांनी पपांनी नेमकं हेच वाचलं. मागची भरपाई नाही, पुन्हा उत्पत्ती 1 पासून सुरुवात नाही. पुढचा अध्याय आणि तारीख, बस.

पण संध्याकाळची प्रार्थना? ती तर तेव्हाही चालू होती. आठ वाजता चटई, गाणं, स्तोत्र. पपा मांडीवर बायबल घेऊन बसायचे. मिटलेलं. आठवलं एकदम. त्या दिवसांत स्तोत्र ताई वाचायची, कारण पपांचा चष्मा दुरुस्तीला दिला होता.

पाच महिने?

ताईला फोन लावला. 'पपांचा चष्मा तेव्हा कुणाकडे टाकला होता गं?'

'कसला दुरुस्तीला! रेडिओवर असायचा रोज,' ती म्हणाली. 'मीच पुसून ठेवायचे.'