ऑक्टोबर छाटणी आणि माझी आउटरीची

तासगावात ऑक्टोबर महिन्यात कुणालाच वेळ नसतो. द्राक्षाची छाटणी, तिच्या मागोमाग काड्यांना पेस्ट, त्यात परतीचा पाऊस आला की डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीनं फवारण्या, आणि आउटरीची नावाच्या इंटर्नशिपचा काँट्रिब्युशनचा महिना (निवडीआधी प्रोजेक्टमध्ये छोटी कामं करून दाखवायची असतात) पण नेमका तोच. म्हणजे डिसेंबरच्या बॅचचा, मेच्या बॅचचा मार्चमध्ये असतो. ओळखीच्या दोन-तीन पोरींनी विचारलं कसं केलंस म्हणून, सारखं सारखं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ओपन सोर्स प्रोजेक्टवर (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो) तीन महिने घरबसल्या काम, शिकवायला मेंटॉर, आठवड्याला ३० तास, आणि मी केली तेव्हा मिळून ७००० डॉलर. फी वगैरे काही नाही. सुरुवात ग्नोम ह्या ओपन सोर्स प्रोजेक्टवाल्यांची, २००६ ला त्यांच्याकडं गूगल समर ऑफ कोडसाठी (गूगलचा असलाच प्रोग्राम) दोनशेच्या आसपास अर्ज आले आणि त्यात बाई एकपण नाही, मग त्यांनी बायकांसाठी वेगळा प्रोग्राम काढला. २०१५ ला त्याचं नाव आउटरीची झालं. आता ते फक्त बायकांपुरतं राहिलेलं नाही, आपल्या देशातल्या टेक क्षेत्रात ज्यांना डावललं जातं त्या कुणालाही अर्ज करता येतो.

आण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे काम आपण आधी करायचं आन् पैसं ते अमेरिकेतनं पाठवणार?" त्यांचं पण बरोबर आहे. आमच्याकडं व्यापारी गाडी भरून माल नेतो, चेक देतो आणि नंतर त्याचा फोनच बंद लागतो, असं ज्याच्या घरात झालं नाही असं घर सापडणं अवघड. त्यांना प्रोग्राम काय आहे ते पटवता पटवता माझी फॉर्म भरण्याआधीच दमछाक झाली.

पहिल्यांदा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला भरलेला, मेच्या बॅचसाठी (आपल्याकडं कॉलेजात शिकत असाल तर मेचीच बॅच मिळते, डिसेंबरची नाही). त्यात निबंधासारखे प्रश्न असतात. तुम्ही कोणत्या गटातले, तुमच्या शिकायच्या जागी तुमच्यासारखे किती जण आहेत, शिकताना काय भेदभाव सोसला, नोकरी शोधताना काय आडवं येईल. मी काय केलं, नेटवर दोघीतिघींचे निबंध वाचले आणि तसलंच लिहून दिलं. मी खूप मेहनती आहे, मला टेक्नॉलॉजीची आवड आहे, संधी मिळाली तर सोनं करीन. नकार आला. आता ते वाचते तर वाटतं बरं झालं, त्यात मी कुठंच नव्हते, कुणाचंही नाव घाला, चालून जाईल.

खरी गोष्ट अशी की मला तेव्हा लिहायला काही सुचतच नव्हतं. भेदभाव म्हणजे कुणीतरी तोंडावर काहीतरी बोललं पाहिजे असं वाटायचं. माझ्याशी तर सगळे चांगलेच वागले की. आणि घरचं गाऱ्हाणं बाहेर सांगायचं नाही हे लहानपणापासनं अंगात मुरलेलं. ऑगस्टमध्ये पुन्हा फॉर्म उघडला तेव्हा कॉलेज संपलेलं, रिकामीच होते, संध्याकाळी तेवढ्या ट्यूशन. एका दुपारी वही घेऊन बसले आणि ठरवलं की इंग्लिश नंतर बघू, आधी मराठीत जे झालं तेवढंच लिहायचं.

मग निघालं. लॅबमध्ये एका पीसीवर चौघं, कीबोर्ड कायम पोरांकडं आणि जर्नल लिहायला आम्ही, तीन वर्षं मी दुसऱ्याचा कोड सुंदर अक्षरात उतरवला. पुण्याचा रात्रभराचा हॅकेथॉन, घरी विचारलंसुद्धा नाही कारण उत्तर माहीत होतं. घरात लॅपटॉप आला तो भावासाठी, त्याचा डिप्लोमा झाल्यावर माझ्याकडं. सांगलीहून शेवटची एसटी धरायची म्हणून प्रोजेक्टच्या मीटिंगमधून मी दरवेळी अर्ध्यातनं उठायचे आणि मग "हिला इंटरेस्ट नाही" असं ठरलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम. एका इंटरव्ह्यूत शेवटचा प्रश्न, लग्नाचं काय ठरलंय? लिहिता लिहिता माझाच मला राग आला, की ह्यातलं एकपण मला भेदभाव वाटलं नव्हतं. तेच मग साध्या इंग्लिशमध्ये उतरवलं, छोटी वाक्यं, जड शब्द सगळे काढून टाकले. वेळेच्या फॉर्ममध्ये ट्यूशनचे तास पण खरे टाकले, ते लपवू नका.

ह्यावेळी पास.

ऑक्टोबरला प्रोजेक्टची यादी उघडली आणि मी पहिली चूक केली. सगळे जिथं पळाले तिथंच मी पण. सोपा इश्यू (दुरुस्तीचं काम) पडला की दोन मिनिटांत वीस जण "मला द्या, मला द्या". वर त्या प्रोजेक्टला डॉकर नावाचं जड सॉफ्टवेअर लागायचं आणि माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर चालू केलं की पंखा असा ओरडायचा की आजी आतनं विचारायची मिक्सर कोण लावलाय. आठवडा गेला त्यात. मग हिशोब केला आणि गर्दी कमी असलेला, नुसत्या पायथॉनवर चालणारा प्रोजेक्ट धरला.

तिथं माझं पहिलं काँट्रिब्युशन काय तर, त्यांनी लिहिलेल्या इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या विंडोजवर चौथ्या पायरीला अडकत होत्या, ते मी दुरुस्त करून लिहिलं. एवढंच! पण ते मर्ज झालं, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतलं गेलं, तेव्हा मी गच्चीवर होते (रेंज तिथंच येते), खाली छाटणीची टोळी चहाला थांबलेली, आणि मला ओरडून कुणाला तरी सांगायचं होतं पण काय सांगणार, पायरी नंबर चार नीट केली?

विचारायची मात्र लाज वाटायची. तिथं सगळं पब्लिक चॅनलवर विचारायचं असतं, आणि मी मेंटॉरला गुपचूप पर्सनल मेसेज करायचे, तेही "रिस्पेक्टेड सर" पासून सुरुवात, खाली "युवर्स फेथफुली" लिहायचं तेवढं राहिलेलं. त्यांनी एकदा प्रेमानं सांगितलं की मी सर नाही, नुसतं नावानं हाक मार, आणि हाच प्रश्न चॅनलवर टाक म्हणजे इतरांना पण कळेल. नावानं हाक मारायला मला चार दिवस लागले. पण चॅनलवर प्रश्न टाकल्यावर कळलं की तिथंच अजून तिघी अडकून बसलेल्या.

महिनाभर दिवसा शेतात डबे पोचवायचे, संध्याकाळी ट्यूशन, रात्री जेवणं झाली की कोड. एका रात्री रिबेस करताना (गिटमध्ये आपले बदल नव्या कोडवर चढवताना) दोन दिवसांचं काम उडालं आणि मी बसून रडले. ते गिटच्या रीफ्लॉगमधनं (जुन्या बदलांच्या नोंदीतनं) परत मिळतं हे सकाळी चॅनलवर कळलं. प्रत्येक काम झालं की त्याची लिंक आउटरीचीच्या साईटवर नोंदवायची, निदान एक नोंद असल्याशिवाय फायनल अर्जच करता येत नाही. त्या अर्जात तीन महिन्यांचं वेळापत्रक पण मांडायचं. मी ते मेंटॉरला आधी दाखवलं, त्यांनी निम्मं कापलं, म्हणाले टेस्टिंगला वेळच ठेवला नाहीस. डेडलाईन दुपारी चारची असते पण यूटीसी, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. मला हे माहीत नव्हतं, मी चार वाजायच्या आत धापा टाकत सबमिट केलं, आणि नंतर कळल्यावर साडेनऊपर्यंत त्यातल्या स्पेलिंगच्या चुका काढत बसले.

निवड झाल्याचा मेल नोव्हेंबरमध्ये आला. त्याबद्दल काय लिहायचं, आई रडली, आजीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या.

बँकेचा प्रकार मात्र सांगते. आमच्या शाखेला परदेशातनं पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोडच नव्हता, सांगलीच्या मोठ्या शाखेचा घ्यावा लागला. पासबुकावर आडनाव आधी, फॉर्मवर शेवटी, त्यासाठी दोन चकरा. पैसे आले तेव्हा पर्पज कोड (पैसे कशाचे आले त्याचा) भरायचा होता, काउंटरवरचे साहेब म्हणाले, "परदेशातनं पैसे? कोण आहे तिकडं तुमचं?" कुणी नाही म्हटलं तर त्यांना पटेना, ऑफर लेटर दाखवलं, ते त्यांनी शेजारच्याला दाखवलं, त्यानं अजून एकाला.

पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज मी आण्णांना दाखवला. ते बागेत डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) गडबडीत होते. चष्मा नव्हता म्हणून मोबाईल लांब धरून दोनदा वाचला, मला परत दिला आणि म्हणाले, "ह्या व्यापाऱ्याचा नंबर ठेव."