खात्री

बुधवार, रात्रीचा पाऊण

दिवा बंद कर म्हणून दोनदा ऐकून झालंय. पुस्तक छातीवर पालथं. ॲन क्लीव्ह्जचं ‘रेव्हन ब्लॅक’, २००६ चं. सुट्टी घेऊन निवांत वाचायला काढलं आणि आता झोपच उडाली. माझ्या नशिबी साधी रहस्यकथाही सुखाची नाही.

शेटलंडची बेटं, स्कॉटलंडच्याही पार वर. जानेवारीतलं बर्फ, त्यात शाळकरी मुलीचं प्रेत. आठ वर्षांपूर्वी तिथलीच एक लहान मुलगी नाहीशी झालेली, ती सापडलीच नाही. सिद्ध काहीच झालं नव्हतं. पण गावाला माहीत होतं कोणी केलं ते. मॅग्नस टेट. म्हातारा, एकटा, पिंजऱ्यात डोमकावळा पाळलेला, नको तिथे हसू येणारा. आता जुनं प्रकरण परत वर आलंय.

चाळीस पानंही झाली नव्हती. मी म्हटलं, हाच.

कशावरून? एकटा राहतो म्हणून?

खरं तर पहिल्याच पानांवर थबकायला हवं होतं. नव्या वर्षाची रात्र, आणि हा आपला कोणी येईल म्हणून जागा. तिथे त्या रात्री एकमेकांकडे जायची रीत आहे. तेव्हा नाही, पण आज जेवताना एकदम तात्यांची पडवी आठवली. पेटलेली समई, केळीच्या पानाने झाकलेली खिरापत, आणि दारात उभे तात्या, सोवळं नेसून. आमची आरतीची मंडळी त्यांचं घर सोडून पुढे गेली. झांज माझ्या हातात होती. मी ती वाजवायची थांबवलीही नाही. त्यांच्या बेड्यासमोर, फाटकापाशी, उलट जरा जोरातच वाजवली.

आक्काच्या पाटल्यांचं प्रकरण त्याच श्रावणातलं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. पण मलाही खात्री होती. कुठून आली? कोणी सांगितल्याचं आठवत नाही. घरात यायची ताकासारखी, न मागता.

आईला फोन केला. “तात्यांनी खरंच घेतल्या होत्या का गं?”

“आता काय त्याचं?” मग जरा वेळाने, “आक्का पण विसराळूच होती.”

एवढंच! चाळीस वर्षांनी एवढंच! पुढे मोदकाच्या पिठीवर घसरली. आणि मीही घसरू दिलं.

कादंबरीतलं बरं असतं, फाईल असते. जिमी पेरेझसारखा कोणी इन्स्पेक्टर ती उघडतो. आमच्याकडे तक्रारच झाली नव्हती, तर उघडणार काय? तात्यांच्या घराचा होमस्टे झालाय, त्याच पडवीत मुंबईची माणसं सोलकढीचे फोटो काढतात.

नव्वद पानं राहिलीत. मॅग्नस नसावा, असं आता वाटतंय. दुसऱ्याच एकावर संशय आहे.

या वेळी मात्र खात्री आहे.