तुम्ही विचारलंत म्हणून: जामीन मिळाला, पण माणूस आतच

"मॅडम, गुन्हेगारांच्या हक्कांवर कसलं संशोधन? ज्याची चोरी झाली त्याच्या हक्कांचं काय?"

साताऱ्यात कायदा शिकवते आणि मानवी हक्कांवर काम करते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न बहुतेक हाच. हळदीकुंकवात विचारलाय, एसटीत विचारलाय. पहिल्यांदा विचारला तो माझ्या सख्ख्या चुलत्यांनी. तात्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती आणि त्या प्रकरणात धरलेल्या माणसासाठी मी कोर्टात हेलपाटे घालत होते. उसाची पाण्याची पाळी चुकली होती. तात्यांचा राग रास्त होता, आजही आहे.

धरलेला माणूस ऊसतोडीच्या टोळीतला, बीडकडचा. त्यानं चोरी केली की नाही, मला ठाऊक नाही. ते न्यायालय ठरवेल, खटला अजून उभा आहे. अटकेच्या पाचव्या दिवशी त्याला जामीन मंजूर झाला, आणि तो तुरुंगाबाहेर आला त्यानंतर १९ दिवसांनी. हे १९ दिवस कशाबद्दल, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न.

हुकूम होता १५ हजारांचा, स्थानिक जामीनदाराचा. म्हणजे याच भागात सातबारा असलेला, वेळ पडली तर तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणू शकणारा माणूस. बीडच्या माणसाला इथं ओळखणारा एकच, टोळी आणणारा मुकादम. त्यानं कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली, वर जामीन राहायला तो तयार होईना. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आत गेला की कोयता मोडतो, उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. त्याची बायको धाकट्या पोराला घेऊन कोर्टाच्या आवारात बसून असायची. जामीन झाला, मग माणूस का सोडत नाहीत, एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. मलाही तिनं विचारलं. मी कायद्याची प्राध्यापक, आणि तिला समजेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून मी दोन तारखा टिपत आले आहे, जामिनाच्या हुकमाची आणि प्रत्यक्ष सुटकेची. मधले दिवस का गेले ते शोधते. कुणाचा सातबारा बारा भाऊबंदांच्या सामाईक नावावर, कुणाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला, कुणाला वकील आहे पण हुकमातली अट बदलून मागता येते हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

खरं तर स्थानिक जामीनदाराचा हा वाद सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच निकालात काढला आहे. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला गवंडी. त्याच्याकडे १० हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी विचारलं, बाहेरचा जामीनदार चालत नाही हे कुठल्या कायद्यात आहे? मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडलं. हा निकाल मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी मला ताजा 'स्थानिक जामीनदार' असलेला हुकूम आणून दाखवतो. ३१ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं: जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकानं गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात जामीनपत्र देता आलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आपल्या देशातल्या तुरुंगांत १०० पैकी ७० हून अधिक कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला संपायच्या आधीचे. या ओळी त्यांच्यासाठी आहेत.

'गुन्हेगारांचे हक्क' हा शब्द मला टोचतो तो यासाठी. संविधानाच्या २२ व्या कलमात गुन्हेगार हा शब्द नाही, अटक झालेली व्यक्ती आहे. हे कलम डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत आणलं. जीविताच्या कलमातून 'उचित प्रक्रिया' (ड्यू प्रोसेस) हे संरक्षण गळालं होतं, त्याची भरपाई म्हणून. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस पाळतो, कारण १९०० साली त्या दिवशी याच साताऱ्यात डॉ. आंबेडकरांचं नाव शाळेत दाखल झालं. मुलं त्या दिवशी भाषणं छान करतात. कलम २२ मात्र फार थोड्यांना माहीत असतं, आणि पोलीस घरी येईपर्यंत कुणाला त्याची गरजही वाटत नाही.

आता तात्यांकडे येते, कारण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग त्यांचा आहे. केबल पोलिसांना ओढ्याकाठच्या झुडपात सापडली होती. मुद्देमाल म्हणून ती जप्त झाली आणि पडून राहिली. तात्यांना वाटत होतं, खटला संपेपर्यंत ती मिळायची नाही. फिर्यादीनं अर्ज केला तर जप्त वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळू शकते आणि असा माल ठाण्यात कुजत ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलं होतं. तात्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्ज लिहिला, केबल मिळाली, मोटार सुरू झाली. त्या माणसाचा जातमुचलक्याचा अर्ज विधी सेवेच्या वकिलांनी दिला, तोही मंजूर झाला. दोन्ही अर्ज एकाच कोर्टात, एकाच आठवड्यात. तात्यांचा हक्क आणि त्याचा हक्क एकमेकांच्या आड आले, असं मला तरी कुठं दिसलं नाही.

तात्या तेव्हा म्हणाले होते, "सोडलास, आता तो कशाला येतोय तारखेला?"

तो प्रत्येक तारखेला येतो. बीडहून रात्रभर एसटीनं. तात्याही फिर्यादी म्हणून येतात. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक आहे. दोघं त्याच्या दोन टोकांना बसून पुकारा व्हायची वाट बघतात.